चारशे सदतीसावा वेढा

१

घरगुती अँप्लिफायर बनवून घ्यायला आलेला माणूस आधी स्पीकरची गोष्ट काढतो. किती इंची, किती वॅट, शेजाऱ्याची नुसती झोप मोडायची की त्याने घरच बदललं पाहिजे, असं सगळं त्याचं ठरलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरचं नाव कोणी काढत नाही. गप्पू मात्र तिथूनच सुरुवात करायचा. एरवी त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला स्क्रू काढण्यासारखं होतं, पण ट्रान्सफॉर्मरचा विषय निघाला की तो चार-पाच वाक्यं सलग बोलून जायचा. मग आपणच एवढं बोललो हे लक्षात येऊन कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा.

त्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे उघडं दार, दाराला आडवं टेबल, टेबलामागे स्प्रिंगची जुनी खुर्ची. मागे पडदा, पडद्यापलीकडे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे मामांची खोली.

सोमवारी दुपारी कंडक्टर आला. बसडेपो दोन गल्ल्या सोडून होता, त्यामुळे पाळी संपली की तो टेबलाला टेकून पाच मिनिटं घालवायचाच.

"गप्पूशेठ, मला एक मशीन पाहिजे. घरच्यासाठी. दिवसभर घंटी आणि शिव्या ऐकून कान किटलेत, संध्याकाळी काहीतरी धड कानावर पडू दे."

"खोली केवढी आहे?"

"बायको एका कोपऱ्यात बोलली की दुसऱ्या कोपऱ्यात मी दचकतो, एवढी."

गप्पू गालातल्या गालात हसला आणि त्याने पाठकोरा कागद पुढे ओढला. "दोन्ही बाजूंना वीस-वीस वॅट पुरे झाले. त्याला अठरा-शून्य-अठरा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, तीन अँपिअरचा. डायोडच्या ब्रिजमधून बाहेर पडले की त्या अठराचे पंचवीसच्या आसपास होतात. आवाज मोठा करणाऱ्या आयसीला तेवढे बास."

"चोवीसचा टाकला तर जास्त वाजेल ना?"

"वाजेल. आठवडाभर."

"आणि मग?"

"मग तुम्ही परत घंटीच ऐकाल." गप्पू खाली बघूनच बोलत होता. "आवाज आयसीतून येतो असं वाटतं, पण आयसी नुसता नळ आहे. पाणी टाकीतून येतं. टाकी लहान असली तर नळ सोन्याचा लावून काय उपयोग? आणि बाजारात तीन अँपिअर लिहिलेले चिमुकले मिळतात ते घेऊ नका. लिहायला काय, कागदावर दहाही लिहितात. हातात धरून बघायचा. खरा तीनचा असेल तर दोन किलोच्या जवळ भरतो. बाकी कुठेही हात आखडता घ्या, सप्लायमध्ये नको."

"पक्कं?"

गप्पूने मान हलवली. 'पक्कं' हा एक शब्द तो तोंडाने उच्चारत नसे. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येत नसे.

"एक कळत नाही," कंडक्टर पडद्याकडे हनुवटी करून म्हणाला. "आत मामांचं वाइंडिंगचं मशीन धूळ खात पडलंय, आणि तू ट्रान्सफॉर्मर बाजारातून तयार आणतोस. घरात विहीर असून बादली घेऊन हिंडतोस की."

"वेळ नसतो."

कंडक्टर गेला तशी आई पडदा सारून आली. हातात रिकामा कप होता.

"दुपारचा दादाजवळ जाऊन बसतोस, ते फार बरं करतोस बघ," ती म्हणाली. "सहा वर्षं माणूस भिंतीकडे तोंड करून होता. आज हसत होता. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाला, तुझा मुलगा येऊन गेला."

सोल्डरचा थेंब गप्पूच्या हातातल्या बोर्डवर जिथे पडायला नको तिथे पडला. तो मामांच्या खोलीत गेला नव्हता. आज नाही, काल नाही. खरं सांगायचं तर सहा वर्षांत तो त्या उंबरठ्याच्या आत दहा वेळाही गेला नसेल. चहा द्यायचा झाला तरी तो दारातूनच हात लांब करून खाटेच्या कडेला कप ठेवायचा आणि मागे फिरायचा.

हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण आईचा चेहरा इतका निवला होता, आणि स्वतःबद्दल चांगलं ऐकण्याची त्याला इतकी कमी सवय होती, की तो म्हणाला, "हं."

२

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. एके काळी आसपासच्या सगळ्या साउंडवाल्यांचे ट्रान्सफॉर्मर तेच गुंडाळायचे. गुंडाळून झालेल्या प्रत्येक नगावर ते मामीच्या नेलपॉलिशने लाल ठिपका द्यायचे. मामी गेली तरी बाटली राहिली, ठिपका राहिला. लाल ठिपका असला की पुढे कोणी काही विचारत नसे.

गप्पूने शाळा सोडली तेव्हा मामांनीच त्याला हाताशी घेतलं. तोवर मामांना बरंच कमी दिसू लागलं होतं. डोळ्यांचं काम बोटं करायची. मशीन साधं होतं: एक हँडल, एक दांडा, दांड्यावर प्लास्टिकचं बॉबिन, त्यावर तांब्याची केसासारखी तार. वेढे मोजणारा काटा शेजारी बसवलेला असायचा. एके दिवशी तो काटा अडकला.

"अडकू दे," मामा म्हणाले होते. "तू आहेस ना. मी फिरवतो, तू मोज."

नग होता अठरा-शून्य-अठराचा. पहिल्या वाइंडिंगला आठशे ऐंशी वेढे हवे होते, ना एक कमी, ना एक जास्त. गप्पू खिडकीजवळच्या स्टुलावर बसला आणि मोजू लागला. मामा हँडल फिरवत होते आणि तो हलक्या आवाजात आकडे म्हणत होता. चारशे पस्तीस. चारशे छत्तीस. चारशे सदतीस.

तेवढ्यात खिडकीबाहेरच्या गल्लीत त्याच्या वर्गातली मुलं आली. परीक्षेचे दिवस होते. हातात पॅड, खिशाला पेन, कुठला प्रश्न आला नि कुठला नाही याचा आरडाओरडा. त्यांनी आपल्याला इथे, तारेच्या रिळापाशी बसलेलं पाहू नये म्हणून गप्पू खाली वाकला. डोकं गुडघ्यांपर्यंत नेऊन, श्वास धरून, ती मुलं कोपऱ्यावरून वळेपर्यंत तसाच राहिला. हँडल फिरतच होतं.

"किती झाले?" मामांनी विचारलं.

माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. मामा ओरडले नसते. ते कधीच ओरडत नसत. तार उलगडायची, पुन्हा गुंडाळायची, फार तर अर्धा तास गेला असता. पण माहीत नाही म्हटलं तर का माहीत नाही हे सांगावं लागलं असतं.

"सहाशे वीस," तो म्हणाला.

"पक्कं?"

"पक्कं."

मामांनी बॉबिनवरून अंगठा फिरवला. "थोडं कमी भरल्यासारखं लागतंय रे," ते पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, "तू म्हणतोस म्हणजे असेल. बोटंही म्हातारी होतात."

शेवटी त्यांनी नेहमीसारखी बॉबिनच्या कडेने तारेखाली एक चिठ्ठी सरकवायला लावली. त्यावर गप्पूने आपल्या हाताने '८८०' लिहिलं.

पंधरा दिवसांनी एका सभागृहात तो ट्रान्सफॉर्मर तीन तास घूं-घूं करत तापला आणि धुराने भर कार्यक्रमात माणसं बाहेर पळाली. साउंडवाल्याने तो गरम ठोकळा कपड्यात गुंडाळून आणला आणि चार लोकांसमोर मामांच्या टेबलावर आदळला. मामांनी तो हुंगला. जळक्या वॉर्निशचा वास आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"माझी मोजणी चुकली," ते म्हणाले. "डोळे गेले तसे आकडेही गेले असतील. यापुढे नको."

गप्पू तेव्हा दाराजवळ उभा होता. त्याने तोंड उघडलं होतं. कोणी त्याच्याकडे पाहिलं असतं तर कदाचित आवाजही निघाला असता. कोणी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात मशीनवर चादर पडली.

३

मंगळवारी आणि बुधवारी आईने पुन्हा तेच सांगितलं. गुरुवारी दुपारी गच्चीवर जाण्याआधी तिने मामांच्या खोलीत एकाऐवजी दोन कप ठेवले. "तू काही पीत नाहीस तिथे, तसाच परत आला तुझा चहा," ती नंतर म्हणाली. "बाहेर प्यायलास का?"

"हं."

त्याने स्वतःची समजूत घातली. मामा दिवसभर एकटे असतात, दिसत नाही, मग मन खेळ करतं. झोपेत कुणी आलंसं वाटत असेल. आईला बरं वाटतं, मामांना बरं वाटतं, कोणाचं काय बिघडलं? पण हा हिशेब सहा वर्षांपूर्वीचाच होता. तेव्हाही त्याने दुसऱ्याच्या तोंडचं खोटं तसंच चालू दिलं होतं. फक्त तेव्हाचं खोटं त्याला दोषातून सोडवत होतं आणि आताचं त्याला चांगला ठरवत होतं. आताचं जास्त लाजिरवाणं, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी अडीच वाजता त्याने टेबलावरचं सगळं बंद केलं. पंखा, रेडिओ, तापलेलं सोल्डरिंग आयर्न. आई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. घर शांत झालं आणि त्या शांततेत मागून कुणीतरी मोजत असल्याचं त्याला ऐकू आलं.

मामाच, त्याने ठरवलं. दुसरं कोण असणार? तो स्वयंपाकघरातून अनवाणी पुढे गेला. आवाज हलका होता, एकसुरी, दम न घेता चाललेला. चारशे तीस. चारशे एकतीस. दारापासून दोन पावलांवर त्याचे पाय थांबले, कारण मोजणी चाललेली असतानाच मामांना खोकला आला. त्यांनी चांगला लांब खोकला काढला, घसा साफ केला. आणि मोजणी त्या खोकल्याखालून तशीच, एकही आकडा न गाळता, पुढे गेली.

चारशे छत्तीस. चारशे सदतीस.

मग काही नाही.

"पुढे?" मामांचा आवाज आला. अगदी मऊ. "पुढे सांग ना, बाळा."

गप्पूने दारातून डोकं आत घातलं तेव्हा मामा खाटेवर बसलेले होते, तोंड खिडकीकडे. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मशीनवरच्या चादरीवर धूळ होती, खिडकीच्या चौकटीवर धूळ होती, जमिनीवर भिंतीच्या कडेने धूळ होती. खिडकीजवळच्या स्टुलावर नव्हती. रोज कुणी बसतं त्या लाकडाला जशी तकाकी येते तशी त्याला आलेली होती.

भिंतीपलीकडचा आवाज, त्याने स्वतःला सांगितलं. शेजारच्या पोराचे पाढे. स्टूल आई पुसत असेल.

शेजारी पोर नव्हतं, आणि चारशे सदतीसपर्यंत पाढे कोणी म्हणत नाही, हे त्याला माहीत होतं.

४

शनिवारी दुपारी एकच्या सुमारास कंडक्टर आला तो बगलेत वर्तमानपत्राचं गाठोडं घेऊन.

"हे बघ, तू म्हणालास ना, टाकी चांगली पाहिजे? भंगारवाल्याकडे सापडली." त्याने कागद सोडला. "उचल, उचल. वजन बघ. आणि हे बघ, लाल ठिपका. मामांच्या हातचं आहे म्हटल्यावर मी सोडतोय होय."

गप्पूने तो उचलला. दोन किलोच्या जवळ. एका कोपऱ्यात पत्र्याला टेबलावर आदळल्याचा पोचा होता. वॉर्निश करपून तपकिरी झालेलं होतं. बॉबिनच्या कडेला चिठ्ठीचं टोक बाहेर आलेलं होतं.

"हा नको," तो म्हणाला.

"का? मेलाय?"

"मेला नाही. वेढे कमी आहेत त्यात. तापतो."

"असं होय!" कंडक्टरने कपाळावर हात मारला. "म्हणजे हाच तो धूरवाला? मामांची मोजणी गेली म्हणतात तो? अरेरे. एवढा कसबी माणूस, आणि शेवटी आकड्यात फसला. वय झालं की काय करणार."

गप्पू टेबलाच्या कडेचा सनमायका नखाने उचकटत राहिला. सनमायका निघत होता. एक वाक्य, फक्त एक. कंडक्टर त्याच्याकडे बघत होता, आज बघणारा माणूस समोर होता, आणि तरीही त्याने चिठ्ठीचं टोक बोटाने आत ढकललं.

"मग असं कर," कंडक्टर म्हणाला. "पत्रे चांगले आहेत ना? मग तार उलगड, किती कमी आहे बघ, आणि तूच नवीन गुंडाळ. भाच्याच्या हातून मामाचा नग दुरुस्त. ऐकायलाही बरं वाटतं. मी चारला परत येतो, कितीने चुकला तेवढं सांग. पैज लावायची आहे डेपोत. पक्कं?"

गप्पूने मान हलवली. नाही म्हणण्यासाठीही तोंड उघडावं लागतं.

५

पत्रे त्याने पुढच्या खोलीतच काढले. एक ई आकाराचा, एक आय आकाराचा, पुन्हा ई, पुन्हा आय, चिकटलेलं वॉर्निश खरवडत. वरची जाड तार सोडवली. आतली पहिली वाइंडिंग राहिली, ती केसासारखी. ती हाताने उलगडली तर गुंता होईल. त्याला मशीन लागतं.

तो बॉबिन घेऊन मागच्या खोलीत गेला तेव्हा मामा भिंतीला टेकून बसले होते. झोपले आहेत की जागे, ते कळत नव्हतं.

"मामा, मशीन घेतो जरा."

"घे की," मामा म्हणाले. "आज पायांचा आवाज करत आलास."

गप्पूने चादर काढली. काटा अजून तसाच अडकलेला होता. त्याने बॉबिन एका दांड्यावर चढवलं, तारेचं टोक दुसऱ्या रिकाम्या बॉबिनला बांधलं आणि हँडल धरलं. खिडकी आणि स्टूल त्याच्या उजव्या हाताला, जरा मागे येत होते. त्याने मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, बाहेर कोणीतरी सायकल ढकलत नेत होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. फक्त मोजायचं होतं.

एक. दोन. तीन.

करपलेली तार सुटताना चट्-चट् वाजत होती. शंभरावर त्याने भिंतीवर खडूची रेघ मारली. दोनशेवर दुसरी. तिसरी रेघ मारताना त्याला जाणवलं, की आपण ओठांत मोजतोय आणि तरीही आकडे कानांना ऐकू येत आहेत.

त्याने ओठ मिटले. हँडल फिरवलं.

"तीनशे एक," उजव्या बाजूने आवाज आला.

पुन्हा फिरवलं.

"तीनशे दोन."

आवाज कोवळा होता. फुटून नुकता जाड होऊ लागलेला, शब्दाच्या शेवटी किंचित घसरणारा. गप्पूला तो ओळखायला वेळ लागला, कारण स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची कुणालाच सवय नसते. भीतीच्याही आधी त्याला लाज वाटली. मामांसमोर. जणू आपलं काहीतरी उघडं पडलं होतं आणि मामा ते रोज बघत होते.

हँडल सोडून पळावं असं वाटलं. पण सोडलं तर मोजणी पुन्हा अर्धवट राहणार होती. त्याने दात दाबले आणि फिरवत राहिला. चारशे. चौथी रेघ. चारशे दहा, चारशे वीस. स्टुलाचा एक पाय किंचित वाजला, बसणाऱ्याने वजन इकडचं तिकडे केल्यावर वाजतो तसा.

"चारशे छत्तीस."

"चारशे सदतीस."

गप्पूने हँडल फिरवलं.

"चारशे सदतीस," आवाज म्हणाला.

पुन्हा फिरवलं. "चारशे सदतीस." पुन्हा. "चारशे सदतीस." आवाज आता दबलेला येत होता, तोंड कशात तरी खुपसल्यासारखा. आणि गप्पूने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पूर्ण मान वळवली नाही. तेवढं धैर्य त्याच्यात नव्हतं. स्टुलावर एक पाठ होती. वाकलेली, खिडकीखाली लपलेली, डोकं गुडघ्यांत. सदऱ्याच्या कॉलरला आईने उलटून शिवल्याची वेडीवाकडी शिवण होती. मानेवरचे केस घामाने चिकटलेले होते. ती पाठ श्वास धरून बसलेली होती.

पुढचं त्याने एकट्याने मोजलं. मोठ्याने. मधे फिरवलेले वेढेही धरून. प्रत्येक आकड्याखालून तो दुसरा आवाज तेच तेच म्हणत राहिला. पाचशे. सहाशे. सातशे. सातशे चौसष्टाव्या वेढ्याला बॉबिन मोकळं झालं, तारेचं टोक हवेत सुटलं आणि त्याबरोबर ती पिवळी चिठ्ठी खाली पडली.

दोन्ही आवाज थांबले.

"किती झाले?" मामांनी विचारलं.

६

"सातशे चौसष्ट," गप्पू म्हणाला.

"म्हणजे एकशे सोळा कमी." मामांना हिशेबाला क्षणही लागला नाही. "पक्कं?"

गप्पूने उजव्या बाजूला कानोसा घेतला. तिथे कोणीतरी उत्तर देण्यासाठी श्वास आत घेत होतं.

"मामा, तुमची मोजणी चुकली नव्हती," तो घाईघाईने म्हणाला. "मी चुकलो. चारशे सदतीसनंतर मी मोजलंच नाही. खिडकीत मुलं आली होती वर्गातली, मी लपलो. सहाशे वीस मी मनाने सांगितलं. आणि नंतर त्यांनी तुम्हाला बोल लावला तेव्हा मी दारातच होतो."

मामांनी अंगठा बोटांवरून फिरवला. मग म्हणाले, "बॉबिन कमी भरलंय हे मला अंगठ्याला कळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही..."

"म्हटलं, आज सांगेल. नाही तर उद्या. तोवर दोष मी घेतला. आणि मग खरंच वाटू लागलं, की चूक माझीच असेल. आंधळ्या माणसाला स्वतःवर संशय घ्यायला वेळ फार मिळतो." त्यांनी हात पुढे केला. "पण तू यायला लागलास ना. रोज येतोस, बसतोस, सुरुवातीपासून मोजतोस. चारशे सदतीसला आलास की रडतोस आणि उठून जातोस. मी म्हणायचो, पुढे सांग. आज सांगितलंस. बरं वाटलं बघ."

इथे थांबता आलं असतं. मामांचा चेहरा आईसारखाच निवला होता.

"मामा," गप्पू म्हणाला, आणि हे आधीच्यापेक्षा जड गेलं. "मी कधी आलो नाही. सहा वर्षांत मी तुमच्याजवळ एकदाही बसलो नाही. आईला मी खोटं हो म्हणालो."

मामांचा हात पुढे केलेलाच होता. गप्पूला वाटलं होतं तो आपल्या दिशेने आहे. तो नव्हता. तो स्टुलाच्या बाजूला होता, गुडघ्यांएवढ्या उंचीवर, आणि हवेत हळूहळू मागे-पुढे फिरत होता, वाकलेल्या डोक्यावरून फिरावा तसा.

मग तो फिरायचा थांबला. बोटं हवेत चाचपडली.

"आत्ता इथे होतं," मामा म्हणाले.

पुढच्या खोलीतून टेबलावर थाप पडली. कंडक्टर आला होता. "काय गप्पूशेठ! मामांनी कितीचा घोळ घातला मग? पैज लावून आलोय. वयामुळेच चुकलं ना ते? पक्कं?"

आणि गप्पू मागच्या खोलीत, खाली पडलेली चिठ्ठी उचलून हातात धरून उभा असताना, पुढच्या खोलीतून एका कोवळ्या, खाली बघून बोलणाऱ्या आवाजाने उत्तर दिलं.

"पक्कं."

तिथून पुढची खोली बारा पावलांवर होती. तो ती पावलं मोजत गेला, मोठ्याने, एकही न गाळता, स्वयंपाकघरातून, गच्चीवरून खाली आलेल्या आणि आ वासून बघणाऱ्या आईसमोरून. बाराव्या पावलाला त्याने पडदा बाजूला केला.

कंडक्टर टेबलाला टेकलेला होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यावर राहिलं होतं. त्याने टेबलामागच्या खुर्चीकडे पाहिलं, मग पडद्यात उभ्या गप्पूकडे, मग पुन्हा खुर्चीकडे.

गप्पूने खुर्चीकडे पाहिलं नाही. त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली. '८८०', त्याच्या शाळेतल्या अक्षरात.

"हे अक्षर माझं आहे," तो म्हणाला. "हँडल मामा फिरवत होते. मोजत मी होतो. एकशे सोळा वेढे मी खाल्ले. डेपोत जाऊन सांगा सगळ्यांना. नाव माझं सांगा."

रस्त्यावरून एक बस गेली, टेबलावरचे सुटे पत्रे थरथरले आणि शांत झाले.

त्या शांततेत खुर्चीची स्प्रिंग हळूच करकरली. कुणीतरी आपल्याला दिसू नये म्हणून खाली, गुडघ्यांपर्यंत वाकावं तशी.